फोल्डर उघडत नाही म्हणून कुलूप तोडू नका

आज गटाच्या हिशेबाबद्दल बोलू या, पण वहीतल्या नाही, कॉम्प्युटरमधल्या.

आमच्या गटाचे काम एका ताईंच्या घरातून चालते. तिथे विंडोजचे दोन कॉम्प्युटर आहेत. बाहेरच्या खोलीतल्यावर कर्जाच्या नोंदी, आतल्याला प्रिंटर. बाहेरच्या कॉम्प्युटरमधले 'कर्ज' नावाचे फोल्डर आम्ही शेअर केले आहे, म्हणजे ते आतूनही उघडता येते. पेनड्राइव्ह घेऊन फिरावे लागत नाही आणि एकाच यादीच्या चार वेगवेगळ्या प्रती होत नाहीत.

पावसाळ्यात राउटर जळाला. नवा बसवला आणि फोल्डर दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी बँकेत अकरा जणींच्या कर्जाची यादी द्यायची होती. ओळखीच्या एकांनी फोनवर सांगितले, "फायरवॉल बंद करा, पासवर्ड काढून टाका, झालं काम." आम्ही करणारच होतो. तेवढ्यात आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, "अगं, त्यात आपल्या सगळ्यांचे आधार नंबर आहेत, खाते नंबर आहेत. दार उघडत नाही म्हणून कुलूपच तोडायचं का?"

त्या दिवशी यादी पेनड्राइव्हवर घेऊन छापली. बँकेचे काम झाले. मग निवांत बसून एकेक गोष्ट तपासली. तोच क्रम तुम्हाला सांगतो. प्रत्येक पायरीनंतर फोल्डर उघडून बघा.

आधी साधे बघा. फोल्डर असलेला कॉम्प्युटर चालू आहे ना? पडदा काळा होऊन तो झोपला असेल, म्हणजे स्लीपमध्ये गेला असेल, तर फोल्डर मिळणार नाही.

मग दोन्ही कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर आहेत का ते बघा. एक राउटरवर आणि दुसरा कुणाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर त्यांची गाठ पडत नाही. राउटरचे 'गेस्ट' नावाचे पाहुण्यांचे वाय-फायही बहुधा कॉम्प्युटरना एकमेकांपासून वेगळे ठेवते.

तिसरी पायरी महत्त्वाची. आमची चूक इथेच निघाली. नवे वाय-फाय जोडले की विंडोज त्याला बहुधा 'पब्लिक' समजते, म्हणजे एसटी स्टँडवरच्यासारखे परके, आणि शेअरिंगचे दार लावून घेते. सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग आपल्या वाय-फायची प्रॉपर्टीज उघडा आणि तिथे 'प्रायव्हेट' निवडा. दोन्ही कॉम्प्युटरवर करा. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू आहे का तेही बघा. पण हे फक्त स्वतःच्या राउटरवर. बाहेरच्या वाय-फायला पब्लिकच राहू द्या.

यादीत कॉम्प्युटर तरीही दिसत नसेल, तर त्याला नावाने हाक मारा. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन लगेच पुढे त्या कॉम्प्युटरचे नाव लिहा. पुष्कळ जण नावाऐवजी १९२.१६८ ने सुरू होणारा नंबर लिहितात. लाईट जाऊन आल्यावर तो नंबर बदलू शकतो, आणि काल चालणारा रस्ता आज बंद होतो. नावच बरे.

आता पडद्यावर काय लिहून येते ते नीट वाचा. कॉम्प्युटर सापडत नाही असे आले, तर वरच्या पायऱ्या पुन्हा बघा. नाव आणि पासवर्ड मागितला, तर रस्ता बरोबर आहे, तुम्ही दारापर्यंत पोचलात. तिथे फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरच्या खात्याचे नाव आणि पूर्ण पासवर्ड लागतो. रोज उघडताना टाकतो तो चार आकडी पिन इथे चालत नाही. परवानगी नाही असे आले, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही ठिकाणी तुमचे नाव हवे. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तर दार उघडत नाही. जिला फक्त यादी बघायची आहे, तिला 'रीड' एवढीच परवानगी द्या.

फायरवॉल बंद न करता आणि पासवर्ड न काढता आमचे फोल्डर उघडले. ह्या पायऱ्या कागदावर लिहून आम्ही कॉम्प्युटरशेजारी चिकटवल्या आहेत. तुम्हीही चिकटवा. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नका.