कोळसा, पाणी आणि कार्नो

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या शीतक मनोऱ्यांतून अहोरात्र उठणारे शुभ्र लोट पाहून, एवढी उष्णता हवेत सोडून देणे ही उधळपट्टी नव्हे काय, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. ते लोट पाण्याच्या सूक्ष्म तुषारांचे असतात, धुराची वाट चिमणीतून निराळी. तथापि प्रश्न रास्त आहे, कारण अशा केंद्रांत कोळशातील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने पदरी पडतो.

याचे उत्तर सादी कार्नो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने, वयाची तिशीही गाठली नव्हती तेव्हा, 1824 साली एका छोटेखानी पुस्तकात लिहून ठेवले होते. पाणी जसे उंचावरून सखल जागी पडतानाच चक्र फिरविते, तशी उष्णता तप्त स्थानाकडून शीत स्थानाकडे जातानाच कार्य करते. उतारच नसेल तर उष्णतेचा साठा कितीही असो, चाक हलावयाचे नाही. उष्णता हा एक प्रवाही पदार्थ आहे ही त्या काळची समजूत पुढे खोटी ठरली, परंतु तिच्या आधाराने त्याने बांधलेला सिद्धांत अबाधित राहिला, याचे मला आजही नवल वाटते. हयातीत त्या पुस्तकाची कोणी फारशी दखल घेतली नाही, आणि 1832 साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, कॉलऱ्याने त्याचा अंत झाला. वीजकेंद्राची थोरवी गाताना वॅटचे नाव सर्वांच्या ओठी येते, कार्नोचे क्वचित. हा अन्याय आहे.

केंद्राची आखणी करणारा अभियंता म्हणूनच बॉयलरइतकीच चिंता कंडेन्सरची, म्हणजे वाफेचे पाणी करणाऱ्या शीत स्थानाची, वाहतो. सुमारे 540 अंश सेल्सियसची वाफ मिनिटाला 3000 फेरे घेणारे टर्बाइन फिरवून कंडेन्सरच्या हजारो थंड नळ्यांवर येते, तेथे तिचे पाणी होते, आणि तिने व्यापलेली जागा रिती झाल्यामुळे आतील दाब वातावरणाच्या सुमारे दशांशावर उतरतो. पाळीवरच्या माणसाची नजर या व्हॅक्यूमवर खिळलेली असते: नळ्यांत क्षार साचले, एखाद्या सांध्यातून हवा आत शिरली, किंवा मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसावर जाऊन मनोऱ्यांत थंड होऊन नळ्यांतून फिरणारे पाणीच कोमट झाले, की व्हॅक्यूम घसरतो आणि तेवढ्याच वाफेतून वीज कमी निघते. कोराडीच्या 660 मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल, म्हणजे अधिक दाब-तापमानाच्या वाफेवर चालणाऱ्या, संचांनी विजेचा हिस्सा काहीसा वाढविला असला, तरी कार्नोचा अंमल त्यांच्यावरही आहेच.

या शीत स्थानाचे मोल पाण्याने चुकवावे लागते. मनोऱ्यांतून उडून जाणाऱ्या पाण्याची भरपाई अखंड करावी लागते, आणि चंद्रपूरच्या केंद्राला ते इरई नदीवरील धरणातून मिळते. 2013 च्या फेब्रुवारीत, मराठवाड्यातील दुष्काळात, पाणी नाही म्हणून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले.