शहागंजचा हौद, परदेशातलं तळं

शहागंजात वाढलेल्या माणसाला समुद्र कुठला? अठराव्या शतकातल्या खाफीखानानं इथल्या हौदाचा उल्लेख केला. उन्हाळ्यात लोकांना त्याचाच आधार, असं लिहिलं. आम्हा पोरांचं आरमार म्हणजे वातीवर फटफटणारी टिनाची बोट.

माझ्या मुलानं मात्र नौदलाचा फॉर्म आणला. मी बँकेतला माणूस, जोखीम नको म्हणून सही केली नाही. त्यानंही तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी इंग्लंडात त्याच्याकडे गेलो. रविवारी तो तळ्यावर घेऊन गेला. तिथं मीटरभर लांबीच्या शिडाच्या बोटींची शर्यत होती. बोटीला मोटर नाही. काठावरून रेडिओनं सुकाणू फिरवायचं, शिडाची दोरी सैल-घट्ट करायची. बाकी सगळं वाऱ्यावर. वारा समोरून आला की नागमोडी जायचं.

त्यानं रिमोट माझ्या हाती दिला. पहिल्याच वळणावर मी दुसऱ्या बोटीवर आदळलो. चुकलेल्यानं तिथल्या तिथं स्वतःच एक गोल चक्कर मारायची, असा नियम आहे.

"बाबा, चक्कर घ्या," तो हळूच म्हणाला.

घेतली. शेवटचा आलो. घरी परतताना त्या फॉर्मची गोष्ट मीच काढली, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.