ओवीत येशू, साडीत मारिया आणि कीर्तनाला रेव्हरंड!

रेडी? मग पहिला सवाल आपल्याच जिल्ह्यातला. वाशीहून एसटीत बसलात की तास-दीड तासात धाराशिव. तिथे जानेवारी 2020मध्ये 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष कोण होते, माहीत आहे का?

चक्क एक कॅथलिक धर्मगुरू! वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलननगरीला नाव संत गोरोबाकाकांचं आणि अध्यक्षाच्या खुर्चीत फादर. कॉम्बिनेशन बघा! याच फादरांनी अख्खं बायबल आजच्या बोलत्या मराठीत आणलं. त्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला.

‘पाद्री आणि इतकं फर्डं मराठी?’ असं म्हणत भुवया उंचावल्या असतील, तर त्या तशाच राहू द्या. हा सिलसिला 400 वर्षांचा आहे आणि त्यातली पात्रं एकाहून एक भन्नाट आहेत.

आधी तेरमध्ये एक क्विक स्टॉप. गोरोबाकाकांचं हे गाव म्हणजे प्राचीन ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. म्हणजे येशूचे शिष्य रोमन साम्राज्यात गावोगाव फिरत होते, त्याच शतकात आपल्याकडचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे आणि तिथून रोमन बाजारात निघालं होतं. माल आधी गेला, मेसेज मागाहून आला!

बरं, भारतातला पहिला छापखाना मुळात भारतासाठी नव्हताच, हे माहीत आहे का? तो निघाला होता इथिओपियाला. वाटेत 1556मध्ये गोव्यात उतरला आणि इथेच मुक्काम ठोकला. इतिहासातली सगळ्यात फायद्याची राँग डिलिव्हरी!

आता एंट्री आपल्या हीरोची. थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशरमधला पोरगा, जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री झाला आणि 1579मध्ये जहाजाने गोव्यात पोचला. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. साहेब इथे पुढची 40 वर्षं राहिले, इथेच वारले. पण त्याआधी मराठीच्या असे प्रेमात पडले की विचारू नका.

नवख्रिस्ती मंडळींची तक्रार होती: आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? पॉइंट होता! स्टीफन्सनी उत्तर दिलं ते पुराणानंच. आदामापासून येशूपर्यंतची सगळी कथा मराठी ओवीत. किती ओव्या? जवळजवळ 11 हजार! ज्ञानेश्वरीत सुमारे 9 हजार आहेत. तुलना आकड्यापुरतीच हं, माउलींची बरोबरी कोण करणार!

हे ‘ख्रिस्तपुराण’ 1616मध्ये रायतूर इथे छापून झालं. त्याच वर्षी तिकडे शेक्सपिअर वारला. एक इंग्रज इंग्लंडमध्ये नाटकावर पडदा टाकत होता, दुसरा गोव्यात मराठीचा पडदा वर करत होता.

आणि लिपी? रोमन! देवनागरीच्या एवढ्या अक्षरांचे, जोडाक्षरांचे साचे पाडणं काही जमेना. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘kasa ahes’ टाइप करणाऱ्यांनो, तुमचे आद्यपुरुष सापडले! चर्चमध्ये लोक हे पुराण म्हणत, ऐकत. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हींची छापील प्रत आज कुठेही मिळत नाही. ग्रंथ टिकला तो हातांनी उतरवलेल्या पोथ्यांवर. मंगळूरला 1907मध्ये पुन्हा छापला गेला आणि सरळ देवनागरीत वाचकांसमोर यायला 1956 उजाडलं.

इंग्रज पुढे गेला म्हटल्यावर फ्रेंच मागे राहील? एतिएन द ला क्रूआ या फ्रेंच जेझुइटानं संत पीटरच्या चरित्रावर आणखी एक दणदणीत मराठी पुराण रचलं. युरोपात ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, ते गोव्यात ओवीवर एकत्र! पुढे 1684मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला आणि सगळ्या मैफलीवर पाणी पडलं. सरकारी कारभार म्हणजे… जाऊ द्या.

आता नगरकडे चला. सप्ताह, टाळ, मृदंग, फडावरचा बुवा हे वाशीकरांना काय सांगायचं! पण 1860च्या दशकात अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा हाच थाट उचलून ख्रिस्ती आख्यान लावलं, माहीत आहे का? बाकावर बसून परक्या चालीत गायची सवय लावलेली मंडळी पुन्हा मांडी घालून बसली. नुसत्या प्रवचनाला डुलक्या येणारच. टाळ वाजला की टाळ्या वाजतात!

या वाटेवरचे सुपरस्टार मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांची गोष्ट सुरू होते रेल्वेच्या डब्यात. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती बायबल ठेवलं. टिळकांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895ला. तिकीट राजनांदगावचं, पोचले भलतीकडेच!

पण तुकोबा त्यांनी सोडले का? छे! येशूपर्यंत आपण तुकारामांच्या पुलावरून आलो, असंच ते सांगत. म्हणून त्यांची ख्रिस्ती गाणी अभंगात, भजनात, कीर्तनात. मराठी चर्चमध्ये आजही ‘उपासना संगीत’ उघडलं की टिळक भेटतात. 1917मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, येशूला मानणाऱ्या कुणालाही एंट्री! मिशनच्या चौकटीत वाढलेल्यांना हे जरा जडच गेलं असणार.

येशूच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ म्हणजे तर थेट फॅमिली प्रोजेक्ट. टिळकांचे जेमतेम अकरा अध्याय झाले आणि 1919मध्ये ते गेले. मग पदर खोचून बसल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनी किती अध्याय लिहावेत? 64! शेवटचा अध्याय मुलानं, देवदत्तनं. माझ्या मते मॅन ऑफ द मॅच लक्ष्मीबाईच.

आणखी एक बाई, आणखी एक कमाल. बायबलचं भाषांतर एकट्या बाईनं, तेही मूळ हिब्रू-ग्रीक शिकून! पंडिता रमाबाई. पुण्याजवळच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्या बायका. भाषा अशी हवी की खेड्यातल्या बाईला कुणाला विचारावं लागू नये, हा रमाबाईंचा हट्ट. त्या 1922मध्ये वारल्या, ग्रंथ पूर्ण छापून आला 1924मध्ये.

ब्रेक! चहा घ्या. पण जपून, कारण 1890मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून काय रामायण झालं, माहीत आहे का? लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी बडी मंडळी पाहुणी. नावं पेपरात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. मिशनऱ्यांचा संदेश राहिला बाजूला, कप व्हायरल झाला!

त्याच पुण्यात पुढे उलटा सीन. इथे मुक्कामाला आला जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्रीचा ख्रिस्त सेवा संघ. साहेब लोक खादीत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण. तिथल्या आश्रमात गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका राहायचे. अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकलेला हा माणूस. त्यांची मारिया चक्क साडी नेसून अवतरली! गोव्यातल्या कर्मठांना ते पचलं नाही. आज मात्र त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातच जपला आहे. देर आए, रंगात आए!

उलटी गंगाही वाहिली बरं का. जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मिशनरी आले होते आपलं काही सांगायला. उतारवयात बसले महिपती, एकनाथ, तुकाराम इंग्रजीत उतरवत. आणि मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसची छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला नि त्यावर छापलं काय? पंचांग! त्याच मिशन प्रेसमध्ये पोरवयात कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे ‘निर्णयसागर’चे मालक झाले आणि संस्कृत ग्रंथांच्या देखण्या छपाईनं नाव काढलं.

एवढं सगळं स्क्रोल करत वाचलंत, आता एक काम करा. 11 हजार ओव्यांचा धसका घेऊ नका. तालुक्याच्या वाचनालयात जाऊन लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मागा. टिळकांचा संसार, त्यांचा विक्षिप्तपणा, धर्मांतराचा कल्लोळ सगळं आहे त्यात. पहिल्या दहा पानांत हसला नाहीत, तर पुस्तक खुशाल परत करा!