पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे काय?

प्रिय बंधुभगिनींनो,



पावसाळ्यापूर्वी मंडळीतील काही जण आमचा दवाखाना पाहायला आले होते. प्रयोगशाळेत एका मावशींनी रिपोर्टचा कागद हातात घेऊन विचारले, "हिमोग्लोबिन मला कळतं. पण हे डब्ल्यूबीसी काय असतं? आमच्या शेजारणीच्या पेशी वाढल्या होत्या, तर सगळे म्हणाले ब्लड कॅन्सर आहे." त्या दिवशी बाहेर मोठी रांग होती. मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देते.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या दवाखान्यात मी चौदा वर्षे रक्त तपासते आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक जण भिल्ल आणि पावरा कुटुंबांतले. काही जण डोंगरातून दोन तास चालून रस्त्याला लागतात आणि मग जीप पकडतात. म्हणून रक्त एकदाच घ्यायचे आणि त्यातून जितके कळेल तितके त्याच दिवशी सांगायचे, असा आमचा प्रयत्न असतो.

रक्तात तीन प्रकारच्या पेशी असतात. लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात. त्या एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात, साधारण ५० लाख असतात. प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात. त्या दीड ते चार लाख असतात. डेंग्यूच्या दिवसांत लोक "पेशी कमी झाल्या" म्हणतात, त्या या प्लेटलेट. तिसऱ्या पांढऱ्या पेशी. मोठ्या माणसात त्या फक्त ४ हजार ते ११ हजार असतात, पण रोगजंतूंशी झुंजण्याचे काम त्यांचे.

पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार आहेत. न्यूट्रोफिल सर्वांत जास्त. जखम पिकली, न्यूमोनिया झाला की त्या धावून जातात. लिम्फोसाइट विषाणूंशी लढतात आणि झालेल्या आजाराची आठवण ठेवतात. मोनोसाइट मेलेल्या पेशी व जंतू गिळून साफसफाई करतात. इओसिनोफिल जंत आणि ॲलर्जीत वाढतात. बेसोफिल फार थोड्या, शंभरात जेमतेम एक. लहान मुलांत प्रमाण वेगळे असते. दोन वर्षांच्या बाळात लिम्फोसाइट जास्त दिसणे हा आजार नाही, ते त्या वयाचे लक्षण आहे. गरोदर बाईच्या पांढऱ्या पेशीही थोड्या वाढलेल्या असतात.

म्हणजे मावशी, पेशी वाढण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक बरी होणारी आहेत. मागच्या वर्षी एक तरुण घाबरून आला. त्याचा आकडा होता १४ हजार, आणि बाजाराच्या गावात कुणीतरी त्याला कॅन्सरची भीती घातली होती. आम्ही पाहिले तर शंभरातल्या २८ पेशी इओसिनोफिल होत्या. हा मुलगा शेतात अनवाणी काम करणारा. ओल्या मातीतल्या हूकवर्मच्या अळ्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. शौच तपासली, अंडी सापडली, जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या देऊन तो घरी गेला.

मशीन मोजते, डोळा पाहतो

आपल्या देणग्यांतून आलेले मशीन एका मिनिटात आकडे देते. त्याचा आम्हाला फार उपयोग होतो. पण ते पेशींना मुख्यतः आकारावरून ओळखते आणि पांढऱ्या पेशींचे तीनच गट करते. पेशी कशी दिसते ते त्याला सांगता येत नाही. त्यासाठी स्लाइड करावी लागते.

काचपट्टीच्या टोकाशी रक्ताचा छोटा थेंब ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ पसरायचा आणि वाळू द्यायचा. मग त्यावर लिशमन रंग घालायचा. विल्यम लिशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी १९०१ मध्ये ही पद्धत मांडली. ती आजही भारतातल्या बहुतेक प्रयोगशाळांत वापरतात. दोन मिनिटांनी दुप्पट पाणी मिसळायचे, आठ-दहा मिनिटे थांबायचे, धुवायचे, वाळवायचे. मग तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठे करून पाहायचे. न्यूट्रोफिलचे केंद्रक तीन-चार पाकळ्यांचे दिसते, इओसिनोफिलमध्ये नारिंगी कण भरलेले दिसतात. अशा शंभर पेशी एकेक करून मोजायच्या.

यात किती फरक पडतो ते आमच्या भागात रोज दिसते. सिकलसेलचा अकरा वर्षांचा एक मुलगा अंगदुखीने तळमळत आला. मशीनने पांढऱ्या पेशी ३२ हजार दाखवल्या. स्लाइडवर पाहिले तर अपरिपक्व लाल पेशी खूप होत्या. लाल पेशीत एरवी केंद्रक नसते. पण रक्त झपाट्याने नष्ट होऊ लागले की शरीर घाईघाईने कोवळ्या, केंद्रक असलेल्या लाल पेशी बाहेर पाठवते, आणि मशीन त्यांना पांढऱ्या समजून मोजते. शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा ६० निघाल्या. हिशेब केला तेव्हा खरा आकडा २० हजार आला. तोही जास्तच, पण सिकलसेलच्या दुखण्यात एवढा वाढू शकतो. डॉक्टरांना उपचार ठरवताना या फरकाची मदत झाली.

माझी चूक

आता जे सांगते ते सांगणे सोपे नाही.

सहा वर्षांची एक मुलगी तापाने आली. मलेरिया निघाला नाही. पांढऱ्या पेशी ६,२००, अगदी नेहमीसारख्या. हिमोग्लोबिन ६.८ आणि प्लेटलेट ८२ हजार. त्या दिवशी चाळीसच्या वर नमुने होते. पांढऱ्या पेशी ठीक आहेत हे पाहून मी रिपोर्ट दिला, स्लाइड केली नाही. आमच्याकडे मुलांचे रक्त कमी असणे नेहमीचे, म्हणून तिला लोहाचे औषध मिळाले.

सतरा दिवसांनी वडील तिला खांद्यावर घेऊन आले. पाय दुखतात म्हणून ती चालत नव्हती. हिरड्यांतून रक्त येत होते, मानेत गाठी होत्या. या वेळी मी स्लाइड केली. शंभरातल्या ६४ पेशी ब्लास्ट होत्या, म्हणजे हाडांच्या मगजातून बाहेर यायलाच नकोत अशा कोवळ्या पेशी. मोठे केंद्रक, भोवती निळसर द्रव्याची बारीक कड. मशीनने त्यांना लिम्फोसाइटमध्ये घातले होते.

हा रक्ताचा कॅन्सर, ल्युकेमिया. लहान मुलांत होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोच सर्वांत जास्त आढळतो. त्यात पांढऱ्या पेशी लाखावर जाऊ शकतात, पण अनेक मुलांत आकडा साधा किंवा कमीही असतो, हे लोकांना ठाऊक नसते. मला ठाऊक होते. रक्त आणि प्लेटलेट दोन्ही कमी असताना स्लाइड पाहायलाच हवी होती.

वडिलांनी विचारले, "ताई, पहिल्यांदा मशीन खोटं बोललं का?"

मी म्हणाले, "नाही भाऊ. मशीनने मोजलं ते बरोबर होतं. मी पाहिलं नाही."

ते काही बोलले नाहीत. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

डॉक्टरांनी त्या दिवशी एक औषध मुद्दाम टाळले, ते म्हणजे स्टिरॉइड. त्याने ताप उतरतो, गाठी कमी होतात, मूल बरे वाटते. पण ब्लास्ट पेशीही तात्पुरत्या नाहीशा होतात आणि मगजाची तपासणी करून नेमका प्रकार ठरवणे अवघड होते. तिला रक्त चढवले, आणि दुसऱ्या दिवशी आमची एक परिचारिका कुटुंबासोबत नंदुरबारहून गाडीने मुंबईला गेली. रेशनकार्ड सोबत घ्यायला सांगितले होते, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. प्रवासाचा आणि आईवडिलांच्या राहण्याचा खर्च आपल्या देणगीतून झाला.

पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर तिच्या मगजात कर्कपेशी दिसल्या नाहीत. पण याचा अर्थ आजार संपला असा नाही. उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात, मधेच सोडले तर रोग परततो. ती अजून औषधे घेते आहे. वडील मजुरी बुडवून ठरल्या तारखेला तिला घेऊन जातात. त्या सतरा दिवसांनी किती फरक पडला, ते मला कधीच कळणार नाही.

आता आम्ही काय करतो

प्रयोगशाळेच्या दारामागे हाताने लिहिलेला एक कागद लावला आहे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, प्लेटलेट १ लाखाच्या खाली, पांढऱ्या पेशी ३ हजारांच्या खाली किंवा २० हजारांच्या वर, ताप दोन आठवड्यांहून जास्त, मानेत गाठी किंवा पोटात वाढलेली प्लीहा: यांपैकी एक जरी असेल तरी स्लाइड झाल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही. रांग कितीही असो. एका स्लाइडला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, म्हणून आम्ही गावातल्या एका पावरा मुलीला हे काम शिकवतो आहोत. गेल्या महिन्यात तिने माझ्या आधी एक नमुना बाजूला काढला.

मावशी, आपल्या शेजारणीला माझा निरोप सांगा. पेशी वाढल्या म्हणून घाबरू नका. आणि आकडा साधा आला, पण ताप, अशक्तपणा किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर स्वस्थ बसू नका. डॉक्टरांना विचारा, "स्लाइड पाहिली का?" या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना आपल्या प्रार्थनेत असू द्या.

आपली बहीण,
प्रयोगशाळा विभाग