निवळीचे बी आणि मठाची विहीर

वैदिक निघंटूत पाण्याची एकशे एक नावे दिली आहेत. त्यांत ‘अमृत’ हे नाव आहे, आणि त्याच यादीत ‘विष’ हेही आहे. विद्यार्थिदशेत ही यादी घोकताना या जोडीचा आम्हांस अचंबा वाटे. गुरुजींस विचारले, तर ‘पुढे कळेल’ एवढेच ते म्हणत. ते कळावयास आम्हांस साठी ओलांडावी लागली. आणि कळले तेही ग्रंथावरून नव्हे, तर मठाच्या विहिरीवरून.

आषाढी जवळ आली की लाखभर वस्तीच्या या पंढरीत काही दिवसांसाठी कित्येक लाखांचा संसार उभा राहतो. राहुट्या, फड, धर्मशाळा, मठांच्या ओसऱ्या, कोठे तीळ ठेवावयास जागा उरत नाही. आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेला असतो. पाय सुजलेले, पोट अर्धे, अंगावर पावसाचे कपडे वाळलेले. असा मनुष्य दारात आला म्हणजे आपण प्रथम त्याच्या हाती देतो ते पाणी. ते कसे आहे, हे पाहिल्यावाचून देतो.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला असा निष्काळजीपणा परवडत नसे. पटकीची जरब त्यांनी पाहिली होती. जत्रेबरोबर ती यावयाची आणि परतणाऱ्या दिंड्यांबरोबर गावोगाव जावयाची. जरीमरीच्या देवळांत नवस बोलले जावयाचे. पटकीची लस टोचून घेतल्यावाचून यात्रेकरूस गावात पाऊल टाकू देत नसत, हे तर अनेक वृद्ध वारकरी अजून दंड दाखवून सांगतात. पटकीचे भय ओसरले आणि तिच्याबरोबर सावधगिरीही ओसरली. वस्तुतः अतिसार, कावीळ, विषमज्वर ही सारी त्याच वाटेने येणारी भावंडे होत. २०२५ च्या प्रारंभी पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात हातापायांतील बळ हरपविणाऱ्या गीयाँ-बारे विकाराचे अनेक रुग्ण एकाएकी आढळले, तेव्हाही संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडेच वळली होती.

कीर्तनात पूर्वरंगानंतर आख्यान येते. आमचे या विषयावरील आख्यान लंडन नगरीतले आहे. श्रोत्यांना प्रथम नवल वाटते, मग ते सरसावून बसतात. सन १८५४. सोहो नावाच्या वस्तीत पटकी उसळली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कोण कोठे मेले याची घरोघर विचारपूस केली, तेव्हा सारे बोट ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाकडे वळले. गंमत अशी की, त्या पंपाच्या पाण्याची ख्याती चांगली होती. दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेलेली एक विधवा चवीसाठी तेथलेच पाणी मुद्दाम मागवून पीत असे. त्या गावात ती तेवढी पटकीने गेली. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर उतरणीस लागली होती हे खरे, आणि कीर्तनकाराने तेही लपवू नये.

पण आमचा खरा नायक स्नो नव्हे. त्याच वस्तीतल्या चर्चचा एक तरुण धर्मोपदेशक होता, हेन्री व्हाइटहेड. डॉक्टरचे म्हणणे त्यास मुळीच पटले नव्हते. ते खोडून काढण्यासाठी तो स्वतः दारोदार फिरला. आणि फिरता फिरता त्यालाच पुरावा सापडला. पंपाशेजारच्या घरातील एक तान्हे मूल साथीच्या आधी आजारी पडले होते आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी घरातील मैलाकुंडात टाकले गेले होते. पुढे खणून पाहिले, तो मैलाकुंड विहिरीस अगदी लागून, आणि दोहोंमधले वीटकाम कुजलेले! धर्मोपदेशकाने आपली चूक मान्य केली. जंतू मात्र त्यांपैकी कोणीच पाहिला नव्हता. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने तो १८८४ मध्ये कलकत्त्यात निश्चित केला, आणि तेथल्या एका तलावाच्या पाण्यातही तो त्यास सापडला.

हे आख्यान आम्ही वर्षानुवर्षे रंगवून सांगत होतो, आणि मठाच्या विहिरीवर मात्र आमची अपार श्रद्धा होती. पाणी आरशासारखे. तीर्थ त्याच पाण्याचे, आणि ते आमच्याच हातचे. काही वर्षांपूर्वी एका वारीत आमच्या ओसरीवर उतरलेल्या दिंडीतील एका वृद्ध माउलीस रात्री जुलाब-वांत्या सुरू झाल्या. पहाटे दवाखान्यात नेले, सलाइन लावले. विठ्ठलकृपेने त्या वाचल्या. प्रवासाचा शीण, असे आम्ही म्हटले. पुढील वर्षी एका शिकाऊ जलसुरक्षकाने वारीपूर्वी आमच्या विहिरीचे पाणी एका छोट्या बाटलीत खुणेपर्यंत भरून आमच्याच फडताळात ठेवले. “महाराज, दोन दिवस हात लावू नका,” म्हणाला. बाटलीतील कागदाच्या पट्टीस औषध लावलेले असते. मैल्यातून येणारे जंतू पाण्यात असले म्हणजे त्यातून जो वायू सुटतो त्याने पाणी काळे पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही संध्येला बसण्यापूर्वी फडताळ उघडले, तो बाटली शाईसारखी काळी.

त्या माउलींचा आजार याच पाण्याने झाला असे सिद्ध करता येणार नाही. झाला नाही, असेही आम्हांस म्हणवत नाही.

कारण शोधावयास दूर जावे लागले नाही. वारकऱ्यांच्या सोयीसाठी बांधलेल्या नव्या शौचालयांचा शोषखड्डा विहिरीपासून बारा पावलांवरही नव्हता. पंधरा मीटर तरी अंतर हवे असे आता कळले. त्या बांधकामाची वर्गणी आमच्याच कीर्तनात गोळा झाली होती, आणि देणगीदारांची संगमरवरी पाटी विहिरीकडे तोंड करून उभी आहे.

मठातल्या एका वृद्ध सेवेकऱ्याने आमच्याशी अबोला धरला. “चाळीस वर्षे हेच पाणी प्यालो, काय झाले?” हा त्यांचा प्रश्न. येथे राहणाऱ्याची आतडी सरावतात, परंतु पाहुण्याची, लेकराची, थकलेल्या म्हाताऱ्याची नव्हेत, हे सांगून पाहिले. मग त्यांनी शास्त्र काढले: विहिरीत निवळीचे बी उगाळून घालावे. आता शास्त्रावरच आले म्हणून सांगतो. सुश्रुताने गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय सांगितले, त्यांत निवळी आहेच. पण दूषित पाणी उकळावे, उन्हात तापवावे, तापलेला लोखंडी गोळा त्यात विझवावा, हे त्याने निराळे सांगितले आहे. निवळणे वेगळे, शुद्ध होणे वेगळे. तुरटीचेही तसेच, ती गाळ बसविते, जंतू मारीत नाही. आणि मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तर हाच निवळीचा दृष्टांत घेऊन बजावले आहे की, तिचे नुसते नाव उच्चारून पाणी स्वच्छ होत नसते. सेवेकरी हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बोलू लागले.

यापूर्वी टीसीएल पावडर टाकली जात नव्हती असे नाही. कोणीतरी उघड्या डब्यातली मूठ-दोन मुठी कोरडी भुकटी विहिरीत भिरकावी. दोन दिवस वासाने नाके मुरडावीत आणि पुढे पंधरा दिवस काही नाही. उघड्या डब्यातली भुकटी आपले सत्त्व गमावते, हेही ठाऊक नव्हते. आता हिशेब असा. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून साधारण ७० ग्रॅम भुकटी. ती बादलीत कालवावयाची, चुना तळाशी बसू द्यावयाचा आणि वरचे नितळ पाणी तेवढे विहिरीत सोडून ढवळावयाचे. अर्धा तास कोणी पाणी काढावयाचे नाही. त्यानंतर ओटीची चाचणी: नळीतल्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पिवळी छटा यावी. ती न आली तर क्लोरीन खर्ची पडले, पुन्हा मात्रा द्यावी. पावसाने पाणी गढुळले म्हणजे मात्रा वाढते. ऐन आषाढात ती वाढतेच. शोषखड्डा बुजवून दूर हलविला, विहिरीचा कठडा आणि भोवतीचा ओटा सिमेंटने सांधला. हे न करता नुसती भुकटी ओतीत राहणे म्हणजे पाप करीत राहून प्रायश्चित्त घेत राहणे होय.

आणि हेही ध्यानी असावे की, क्लोरीन हा सर्व दोषांवरचा उतारा नव्हे. नायट्रेट, फ्लोराइड यांना त्याचा धाक नाही. त्यांसाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. ग्रामपंचायतींच्या पाण्याचे सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, होते आणि त्यावरून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे आम्ही आता गावोगावच्या सप्ताहांत उत्तररंगाआधी विचारतो. बहुधा मंडप शांत असतो. एखादी बाई मागून उठून रंग सांगते. जलजीवन मोहिमेत गावागावांतील पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे, त्यांतली ती असते.

तीर्थाचा प्रश्न उरला होता. औषधाच्या वासाचे तीर्थ नको, असा आग्रह झाला. आम्ही तीर्थासाठी पाणी उकळून, निववून, मग त्यात तुळस घालतो. सुश्रुताची आज्ञाही राहिली आणि वासाची तक्रारही मिटली.

यंदाही दशमीच्या दोन दिवस आधी बाटली फडताळात ठेवली जाईल. अलीकडे ती उघडून पाहण्याचे काम त्या वृद्ध सेवेकऱ्यांनी स्वतःकडे घेतले आहे, आणि काकड्याआधीच ते कंदील घेऊन फडताळाशी उभे असतात.