गंजाशी सामना

आमच्या घरची १९६८ सालची फियाट ११०० डी पुन्हा चालती करायला आम्हाला चार वर्षं लागली. त्यातला बहुतेक वेळ गंजाने खाल्ला. असं का?

लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान दुपटीहून वाढतं. म्हणून नट-बोल्ट आट्यांत आवळून बसतात, रंगाला फुगे येतात. घासून गंज काढावा, तर चांगला पत्राही झिजतो. अशा वेळी विद्युत-अपघटन उपयोगी पडतं.

प्लास्टिकच्या बादलीत दर लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवायचा. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला व भंगार लोखंडी पट्टी धन टोकाला जोडून, एकमेकांना न टेकवता पाण्यात सोडायची. गंजलेल्या भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. तांबड्या गंजाचं क्षपण होऊन काही भाग काळा ऑक्साइड बनतो; तो सैल थर ब्रशने निघतो. गेलेलं लोखंड परत येत नाही, पण उरलेलं शाबूत राहतं.

हायड्रोजन पेटतो, म्हणून हे उघड्यावरच करावं. मीठ वापरू नये, क्लोरीन तयार होतो. स्टेनलेस स्टीलची पट्टीही नको. तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात.

वर्गात गंजलेला खिळा घेऊन प्रयोग करावा. आधी आणि नंतर तो तोलावा. वजन का घटलं, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावं.