भोंग्यावरचा वर्ग

मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या, पण शिक्षणातलं तंत्रज्ञान काही त्या दिवशी जन्माला आलं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, ते कितीतरी आधी. ‘दीक्षा’ हे सरकारी ॲप २०१७ चं. टाळेबंदीने केलं एवढंच, की हौशी शिक्षकांपुरती असलेली ही साधनं सगळ्यांच्या गळ्यात पडली. व्हॉट्सॲपवर रोजचा अभ्यास येऊ लागला. डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं तेही २०२० च्याच डिसेंबरात.

अडचण फोनची होती. वसई पूर्वेतल्या सातिवलीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापाबरोबर कामावर गेला, की पोराचा वर्ग संपला! डेटा पॅकचा खर्च वेगळाच.

म्हणून मला याच पालघर जिल्ह्यातला दुसरा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांत ‘दिगंत स्वराज फाउंडेशन’ने ‘बोलकी शाळा’ भरवली. धडे आधी ध्वनिमुद्रित करायचे, मग पाड्यावर लाउडस्पीकर लावून ऐकवायचे. मुलं अंतर ठेवून उघड्यावर बसत. ना इंटरनेट, ना स्क्रीन. शंका विचारायची सोय मात्र भोंग्यात नव्हती. ती भागवायला माणूसच लागे.

सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून लागलेली पहिली ते आठवीची ‘टिलीमिली’ मालिकाही याच जातीची: जुनंच साधन, नव्या कामाला जुंपलेलं.